बिनपुठ्ठ्याची पुस्तकं आणि आमची बाई

बल्लारपूरला आत्याकडे राहायला आले तेव्हा मी अकरावीत होते. आमचं गाव आरमोरीच्या बाजूला, घर तलावात जाळं टाकणाऱ्यांचं. दहावी पास झालेली घरातली मी पहिलीच, त्यामुळे पुढे काय करायचं असतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वडिलांनी आत्याला विचारलं, आत्यानं हो म्हटलं, एवढ्यावर माझं शिक्षण ठरलं. आत्या विधवा होती. मूलबाळ नव्हतं. रेल्वे लाइनच्या पलीकडे एका खोलीत ती एकटी राहायची. मी बी.ए. झाले ती तिच्यामुळे. हे आधीच सांगते, कारण पुढे पुस्तकांबद्दलच जास्त बोलणं होणार आहे.

आत्या रद्दीच्या गोदामात कामाला होती. ट्रक भरून रद्दी यायची आणि बायका पोत्यांवर बसून ती निवडायच्या. पांढरा कागद एकीकडे, वर्तमानपत्रं दुसरीकडे, पुठ्ठा तिसरीकडे. निवडलेला माल कारखान्यात जायचा, तिथं त्याचा लगदा होऊन पुन्हा कागद व्हायचा. पुस्तक हाती आलं की आधी त्याचं कव्हर ओढून काढायचं, कारण कव्हरवरचं प्लास्टिक लगद्यात विरघळत नाही. डिंकानं चिकटलेली पहिली दोन-चार पानं कव्हराबरोबरच निघून यायची. पुस्तकाचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, कुठल्या वाचनालयाचा शिक्का, जे काही असेल ते तिथंच जायचं. हातात उरायचं ते पुस्तकाचं नुसतं पोट.

मी घरी अभ्यासाशिवाय काही न करता बसते हे पाहून आत्याला वाटलं, पोरीला वाचायला काही आणावं. तिनं गोदामाच्या शेटजींना विचारलं. ते म्हणाले, घेऊन जा, पण वाचून झालं की परत आणून टाक, माल तोलून जातो. अशी आमची लायब्ररी सुरू झाली. ज्या लायब्ररीतलं पुस्तक वाचून परत केलं की त्याचा लगदा होतो, अशी लायब्ररी मी नंतर कुठे पाहिली नाही.

आत्याला अक्षर येत नव्हतं. तिनं आणलेलं पहिलं पुस्तक जाडजूड होतं, म्हणून तिला चांगलं वाटलं. ते पाण्याच्या पंपांबद्दल होतं. दुसरं काही नसल्यामुळे मी ते दोन संध्याकाळी मोठ्यानं वाचलं आणि आत्यानं भात शिजवता शिजवता ऐकूनही घेतलं. मग म्हणाली, "यात माणसं कधी येते वो?"

माणसं येणार नाहीत हे कळल्यावर तिनं मला विचारून घेतलं की माणसं असलेलं पान कसं दिसतं. मी तिला दाखवलं. माणसं बोलत असली की ओळी आखूड असतात, पान विरळ दिसतं. त्यानंतर ती विरळ पानांची पुस्तकं आणू लागली. कधी नाटक निघायचं, कधी मुलांच्या गोष्टी. पण कादंबऱ्याही निघू लागल्या, आणि आमच्या संध्याकाळी भरल्या.

आत्याचं वस्तीत कुणाशी फार बोलणं नव्हतं. माझ्याशीही नव्हतं. दोघीही बुजऱ्या. पहिले काही महिने आम्ही एका खोलीत राहून एकमेकींना फक्त मीठ कुठे आहे एवढंच विचारत असू. गावाची आठवण आली तर मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. तिला कोणाची आठवण यायची ते मला माहीत नव्हतं. पुस्तकातल्या माणसांबद्दल मात्र आम्ही बोलायला लागलो. त्यांच्याबद्दल बोलणं सोपं होतं. ती आपली कुणी लागत नव्हती.

त्या दोन वर्षांत बरीच पुस्तकं आली आणि गेली. त्यांतली तीन आम्हा दोघींना सोडेनात. एक होतं दोन बहिणींचं. आई मेल्यावर त्या घरातल्या वस्तू वाटून घेतात आणि जात्यावर येऊन अडतात. शेवटी वरचा दगड एक नेते, खालचा दुसरी नेते. दोघींच्याही दारात अर्धं जातं पडून राहतं आणि कुणालाच दळता येत नाही. दुसरं होतं एका स्वयंपाकीणबाईचं, जी सणावाराला दुसऱ्यांच्या घरी पुरणपोळ्या करते आणि आपल्या घरी येऊन भूक नाही म्हणून झोपते. तिसरं होतं एका मास्तरचं. त्याची सारखी बदली होते, आणि प्रत्येक गावाहून निघताना तो शाळेच्या विहिरीचं पाणी चाखतो, पुढच्या गावच्या पाण्याशी ताडून पाहायला.

तिन्ही पुस्तकं एकाच बाईनं लिहिली आहेत हे आत्यानं ठरवलं. मीही मानलं. आमच्याकडे तिन्हींवर नाव नव्हतं, आणि वाचताना आवाज एकच येत होता. मोठ्या गोष्टी घडत नसत. कुणी तरी उंबऱ्यावर थांबे, कुणी तरी ताटावरून अर्धपोटी उठे, आणि लिहिणारीच्या ते लक्षात येई.

"पुरुषमाणूस कायले पाहते शेवटी कोन जेवलं ते," आत्या म्हणायची. "बाईच हाय ते."

कधी कधी ती हसायची. "पन हिच्या पुस्तकात सगळे भाकरीच खाते. भात नाई, मच्छी नाई. आपल्या इकडली नाई दिसत."

आम्ही तिला बाई म्हणू लागलो. बाईनं असं लिहिलं, बाईनं तसं लिहिलं. मास्तरच्या पुस्तकात एक प्रसंग होता. पावसात एसटी अडकलेली, मास्तर नव्या गावी पोचतो, त्याला कुणी ओळखत नाही, आणि तो शाळेच्या ओट्यावर बसून आपल्याच हाताची नखं पाहत राहतो. मी तो वाचत होते तेव्हा आत्यानं हातातलं काम थांबवलं. ती म्हणाली, हिनं हे बघितलं असंन, बघितल्याशिवाय नखाचं सुचत नाई. मग तिनं विचारलं, "येवढं सगळं जिनं भोगलं, तिले कोनी हाय का नाई वो?"

तेव्हापासून ती बाई कोण आहे हे शोधायचं माझ्या मनानं घेतलं. आत्याला ती सुखात आहे की नाही हे हवं होतं. मला काय हवं होतं ते सांगायला थोडं संकोचल्यासारखं होतं. मला वाटायचं, या जगात कुठे तरी एक माणूस आहे ज्याला मी न सांगता माहीत आहे. मी भिंतीकडे तोंड करून पडते हे तिला ठाऊक आहे. आत्या भूक नाही म्हणते तेव्हा काय असतं, हेही. ती आहे, आणि तिला नाव आहे.

पुस्तकं तर परत गेली होती. तिन्हींचाही लगदा झाला होता. कदाचित त्याच कागदाच्या वह्या आमच्या बाजारात विकायला आल्या असतील.

बारावी झाल्यावर मी चंद्रपूरच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळी परत. पहिल्याच आठवड्यात मराठीच्या सरांनी वर्गात एकेकाला उभं करून आवडता लेखक आणि तो का आवडतो ते सांगायला लावलं. मुलं पटापट सांगत गेली. बहुतेकांनी शाळेच्या पुस्तकात होते तेच लेखक सांगितले, आणि कारणंही तिथलीच. माझी पाळी आली. मी म्हटलं, नाव माहीत नाही, सर.

वर्ग हसला. सरांनी विचारलं, मग लेखक आहे कसा? मी जात्याचं सांगितलं, स्वयंपाकीणबाईचं सांगितलं, आणि का आवडतात ते सांगताना अडखळले, कारण आत्याचे शब्द वर्गात बोलायला मला धीर होईना. शेवटी म्हटलं, तिला भूक समजते. मागून एक मुलगा म्हणाला, "सर, हिचा लेखक बेवारस हाय." मग तर सगळेच हसले. सरही थोडे हसले. तो मुलगा पुढे तीन वर्षं मला भेटला की विचारायचा, "काय मॅडम, वारस भेटला का?" त्याचा वाईट हेतू नव्हता. कॉलेजात माझ्याशी नेमानं बोलणारा तो एकटाच होता.

तास संपल्यावर सरांनी मला थांबवलं. म्हणाले, नाव नसलेलं पुस्तक नसतं, फाडून टाकलेलं असतं. आमच्या ग्रंथालयात कादंबऱ्यांची चार कपाटं आहेत, तुला आत जाऊन पाहू द्यायला मी सांगतो. त्या काळी विद्यार्थ्यांना कपाटापर्यंत जाऊ देत नसत, चिठ्ठी द्यावी लागे. ते सर नसते तर मी दारातूनच परतले असते. त्यांचं ऋण मी मानते.

मग माझं शोधणं सुरू झालं. मधल्या सुट्टीत आणि गाडीला वेळ असेल तेव्हा मी त्या कपाटांपाशी असायचे. मी नाव पाहत नसे. पुस्तक मधेच उघडायचं आणि एक परिच्छेद वाचायचा. माझे वडील जाळ्याच्या ओढीवरून कोणता मासा लागला ते सांगतात, तसं मला वाटायचं की बाईचं वाक्य लागलं की हाताला कळेल. वाचता वाचता इतरही लेखक आवडले. एक आवडला कारण तो हसवतो आणि हसवताना कुणाला खाली पाडत नाही. एक आवडला कारण त्याच्या गोष्टीत जंगल येतं आणि त्याला झाडांची नावं येतात, नुसतं दाट झाडी म्हणून तो सोडून देत नाही. एका लेखिकेची पानंच्या पानं मला कळली नाहीत, तरी मी तिचं पुस्तक दोनदा नेलं. माणसं लेखकावर जीव का लावतात ते तिथं उभ्याउभ्या थोडंथोडं उमगत होतं. प्रत्येकाला आपल्यातलं काही तरी ओळखलं जावं असं वाटतं, आणि घरची माणसं ते ओळखतीलच असं नसतं.

पण यांतलं कुणी आमची बाई नव्हतं.

याच दिवसांत घरातलं वाचन बंद पडत गेलं. मी गाडीत वाचायचे, ग्रंथालयात वाचायचे, घरी पोचेपर्यंत डोळे थकलेले. ग्रंथालयाची पुस्तकं भारी होती, त्यांतलं मोठ्यानं वाचलं तर आत्याला झोप यायची. रद्दीतून पुस्तक आणायचं तिनंही हळूहळू सोडलं. म्हणायची, तुले आता चांगले भेटते, हे कायले आनू. आम्ही पुन्हा मीठ कुठे आहे एवढ्यावर आलो. फक्त रविवारी ती न चुकता विचारायची, "बाई सापडली का?" मी नाही म्हणायचे, आणि आमच्यात तेवढा एक धागा राहिला होता.

दुसऱ्या वर्षी जात्याचं पुस्तक सापडलं. मधलं पान उघडलं आणि दोन बहिणी समोर उभ्या. मी तिथंच खाली बसले. मग पहिलं पान पाहिलं. नाव पुरुषाचं होतं. मागच्या कव्हरवर फोटो होता, चष्मा, टक्कल, बंद गळ्याचा कोट. मी त्यांची ग्रंथालयात होती ती सगळी पुस्तकं काढून पाहिली. त्यांत मास्तर नव्हता, स्वयंपाकीणबाई नव्हती. एक दरोड्याची गोष्ट होती आणि एक ऐतिहासिक.

त्या रविवारी आत्यानं विचारलं तेव्हा मी म्हटलं, अजून शोधते आहे. मला वाटत होतं, कुठे तरी चूक आहे, बाकीची दोन सापडली की उलगडेल.

स्वयंपाकीणबाईचं पुस्तक त्यानंतर काही महिन्यांनी मिळालं. ते खरोखर एका बाईंचं होतं. मला इतका आनंद झाला की मी त्यांची इतर पुस्तकं अधाशासारखी वाचली, मास्तर कुठे भेटतो का पाहत. भेटला नाही. शेवटच्या वर्षी मी सरांनाच विचारलं, विहिरीचं पाणी चाखणारा मास्तर कुणाचा? त्यांनी लगेच नाव सांगितलं. तिसरंच. ते गृहस्थही वारले होते, जात्यावाल्यांसारखेच.

तीन पुस्तकं, तीन माणसं. त्यांनी एकमेकांचं काही वाचलं होतं की नाही, देव जाणे.

त्या संध्याकाळी पॅसेंजर उशिरा होती. मी चंद्रपूरच्या फलाटावर बसले होते. समोर बायका रिकाम्या टोपल्या घेऊन बोलत होत्या, कॉलेजच्या मुली वेण्या सारख्या करत होत्या. मला असं वाटत होतं की कुणी तरी गेलं आहे, आणि हे कुणाला सांगता येण्यासारखं नाही. गेलेलं माणूस कधी नव्हतंच.

रविवारी आत्या सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होती. तिनं विचारलं. या वेळी मी सगळं सांगितलं. जात्याचं पुस्तक कुणाचं, पोळ्यांचं कुणाचं, मास्तरचं कुणाचं. दोघे पुरुष आहेत हे सांगितलं तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे आपली बाई नाईच?"

"एक बाई आहे. पण ती आपली अख्खी नाही. पोळ्यांपुरतीच आहे."

आत्यानं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मला वाटलं, तिला माझ्यासारखंच झालं असेल. मग ती म्हणाली, "म्हंजे हे सगळं येकटीनं नाई भोगलं."

"नाही."

"तिघात वाटून गेलं."

"हो."

"बरं झालं," आत्या म्हणाली, आणि तांदूळ धुवायला उठली.

मी तिच्या पाठीकडे पाहत राहिले. ती खरोखर निवांत झाली होती. इतकी वर्षं तिला त्या न पाहिलेल्या बाईचा घोर लागला होता, आणि आता तो उतरला होता. मला 'बरं झालं' म्हणता येत नव्हतं. मला एकच बाई हवी होती. तिघांनी मला थोडंथोडं ओळखलं, हे मला पुरत नव्हतं.

बी.ए. झाल्यावर बी.एड. केलं आणि एटापल्ली तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत नोकरी लागली. घरातली पहिली पगारदार म्हणून गावात माझं कौतुक झालं, आणि ते मला आवडलं. शाळेतल्या मुली एकमेकींशी माडिया बोलायच्या, माझ्याशी जपून मराठी. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाडी यायची बंद व्हायची. सोबतचे शिक्षक सुट्टी लागली की घरी जायचे. मी गडचिरोलीहून, नागपूरहून पुस्तकं मागवायचे. आता कव्हर असायचं, नाव असायचं, लेखकाचा फोटो असायचा. वाचता वाचता एखाद्या ओळीशी थांबून मान वर केली की समोर खिडकी आणि सागाची झाडं. गोदाम सोडून आत्या एव्हाना गावी, माझ्या भावाकडे राहायला गेली होती.

अशा एका वर्षी वर्तमानपत्रात वाचलं की त्या लेखिका, पोळ्यांच्या पुस्तकाच्या, चंद्रपूरला एका कार्यक्रमाला येणार आहेत. मी रजा टाकली. आदल्या दिवशी निघाले, आलापल्लीला गाडी बदलली, बी.एड.च्या एका मैत्रिणीकडे मुक्काम केला. कार्यक्रम सकाळी होता. मी मागच्या खुर्चीवर बसले.

बाई फार म्हाताऱ्या झाल्या होत्या. लहानखुऱ्या, पांढरी सुती साडी, आवाज बारीक. चांगलं बोलल्या. पोळ्यांच्या पुस्तकाबद्दल मात्र बोलल्या नाहीत. नंतर लोक सही घ्यायला रांगेत उभे राहिले, मीही राहिले. मनात जुळवाजुळव करत होते, काय सांगायचं. जात्याबद्दल सांगावं असं फार वाटत होतं, पण जातं त्यांचं नव्हतं. मास्तर त्यांचा नव्हता. ते वगळलं की माझ्याकडे सांगण्यासारखं इतरांपेक्षा वेगळं काही उरत नव्हतं.

त्यांनी पुस्तक घेतलं, मान वर केली. "काय करता?"

"शिक्षिका आहे."

"कुठे?"

"एटापल्लीला."

"कुठं आलं हे?"

मी सांगितलं, आलापल्लीच्या पुढे, जंगलात. "लांबून आलात," त्या म्हणाल्या आणि सही केली. मागच्यानं पुस्तक पुढे केलं होतं. मी बाजूला झाले.

लगेच निघावंसं वाटेना, म्हणून दाराशी उभी राहिले. त्यांच्या खुर्चीमागे एक मुलगी उभी होती, नात असावी. लोकांचा घोळका वाढला तसं तिनं पुढे होऊन सगळ्यांना बाजूला केलं, पाण्याची बाटली उघडून आजीच्या हातात दिली आणि ओरडली, आता पुरे, हिनं सकाळपासून काही खाल्लं नाही. बाई तिच्यावर रागावल्या, पण उठल्या. तिच्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू आत जेवायला गेल्या.

हे आत्याला सांगायचं, असं मी ठरवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेले की सांगेन, पोळ्यांच्या बाईला आहे कुणी तरी.

दुपारची गाडी मिळाली. बल्लारपूरला गर्दी चढली, गोंडपिपरीला थोडी उतरली. आष्टीपर्यंत शेजारी एक बाई बसली होती, ती लग्नाला चालली होती. तिनं मला माझं गाव विचारलं, नवऱ्याचं विचारलं, मी नाही म्हटल्यावर विषय बदलला आणि पिशवीतून मुरमुरे काढून माझ्या ओंजळीत घातले. आष्टीला ती उतरली. पुढे जंगल लागलं आणि गाडी रिकामी होत गेली. मी सही असलेलं पान उघडून पाहिलं. माझं नाव विचारायचं त्या विसरल्या होत्या, नुसती सही होती. मी पुस्तक मिटलं आणि आलापल्ली येईपर्यंत मुरमुरे खात बसले.